झाकण न उघडणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी गेल्या बत्तीस वर्षांत कशाचंही झाकण उघडलेलं नाही. कौतुक म्हणून सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. चहा करायला स्वयंपाकघरात गेले की साखरेचा डबा कानाशी धरून हलवतात आणि तिथूनच ओरडतात, "वहिनी, साखर अर्ध्याच्या खाली गेलीय!" आणि बरोबर असतं हो, त्याचाच जास्त राग येतो. पण डबा उघडून चमचाभर साखर कपात घालायला मात्र मलाच उठून जावं लागतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एक्केचाळीस, लग्नाचा पत्ता नाही, आणि चालणं-बोलणं इतकं सावकाश की जेवायला हाक मारली तर येईपर्यंत ताटातलं गार होतं. आम्ही दोघं एकाच कचेरीत नोकरीला. सरकारी नकाशांचं कार्यालय आहे. मी नकाशांच्या दालनात, जुने कागद सांभाळते. भाऊजी कॉम्प्युटर सांभाळतात. म्हणजे घरीही तेच आणि कचेरीतही तेच, माझ्या नशिबाला सुट्टी अशी नाहीच.

या झाकणाच्या भानगडीचं मूळ एका रेडिओत आहे, ते आधी सांगून टाकते. भाऊजी नऊ वर्षांचे असताना सुट्टीत महिनाभर मावशीकडे राहून आले. आले त्या दिवशी दुपारी घरात कोणी नाही असं बघून त्यांनी सासऱ्यांचा रेडिओ उघडला. बातम्या सांगणारा माणूस आत नेमका कुठे बसतो, ते बघायचं होतं. चौदा भाग निघाले, परत बसवता एकही येईना. संध्याकाळी सासरे आले, जमिनीवर मांडलेला तो सगळा पसारा बघितला, आणि एक शब्द बोलले नाहीत. सगळे भाग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरले, वरून दोरी बांधली आणि डबा माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते रोज संध्याकाळी समोरच्या न्हाव्याच्या दुकानात उभं राहून बातम्या ऐकत. घरात दुसरा रेडिओ आणला नाही.

"दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं वहिनी," भाऊजी अजून म्हणतात. "ते नुसते बघून गप्प बसले."

डबा अजून माळ्यावर आहे. दरवर्षी मी खाली काढते, पुसते आणि वर ठेवते. उघडायचं नाव काढलं की भाऊजी घराबाहेर पडतात.

आता असा माणूस कॉम्प्युटरवाला झाला, म्हणजे काय सांगावं! कचेरीत चौदा कॉम्प्युटर, आणि नऊ वर्षांत एकाचंही कॅबिनेट यांनी उघडलेलं नाही. पंख्यात धूळ साचली तर आमचे शिपाईमामा उघडून झटकतात, आणि तेवढा वेळ भाऊजी व्हरांड्यात तोंड फिरवून उभे राहतात.

"पोट फाडून बघायला मी काय कसाई आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "यंत्राला नीट विचारलं की ते स्वतःच सांगतं."

आणि खरंच विचारतात. कीबोर्डपुढे बसतात, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करतात, आणि बाहेर बसल्या बसल्या सांगतात, हा किती तापलाय, याचा पंखा किती फिरतोय, याची डिस्क किती दिवसांची सोबती आहे. त्यातही त्यांच्या जिवाचा तुकडा म्हणजे बसचा वेग. मेमरीतून प्रोसेसरकडे माहितीची जी ये-जा चालते तिचा आतला रस्ता म्हणजे बस. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, कंडक्टर कुठे उभा राहतो? तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

हा वेग सांगणारी तयार साधनं असतात म्हणे कॉम्प्युटरमध्येच. पण ती भाऊजींना चालत नाहीत. "ती नुसती पाटी वाचून दाखवतात वहिनी, कंपनीने लिहिलेली. पाटीवर काय, कुणी काहीही लिहील. मी नाडी बघतो." म्हणून त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नावही 'नाडी'च ठेवलं. मेमरीच्या आत एक घड्याळ टिकटिकत असतं, त्याचे ठोके हा प्रोग्रॅम मोजतो. दर सोमवारी सकाळी चौदाही कॉम्प्युटरची नाडी बघायची आणि लांबट वहीत लिहायची, "क्रमांक एक, बाराशे, ठीक. क्रमांक दोन, बाराशे, ठीक." नऊ वर्षांच्या वह्या आहेत. कचेरीत सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणतात. त्यांना ते मनापासून आवडतं आणि आवडत नाही असं दाखवतात.

तर झालं असं, की हे जुने कॉम्प्युटर आमच्या नव्या कामाला पुरेनात. जुने नकाशे स्कॅन करायचं काम आलं, आणि एकेक नकाशा एवढा मोठा, की तो पडद्यावर उघडेपर्यंत मामा चहा देऊन, कप नेऊन, विसळून परत यायचे. साहेबांनी सगळ्यांना नवी मेमरी घालायचा हुकूम काढला. प्रत्येकात दोन पट्ट्या, चौदात अठ्ठावीस. बिलावर लिहिलं होतं, वेग बत्तीसशे.

पट्ट्या बसवायला दुकानातून एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. अंबाड्यात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर हो, खोचलेला. खरंच सांगते, आधी मला वाटलं नवीन फॅशन असेल. आल्या, "कुठून सुरू करू?" म्हणाल्या, आणि भाऊजी "नमस्कार, आपण जरा आधी..." एवढं म्हणेपर्यंत पहिल्या कॅबिनेटचं झाकण खाली ठेवलेलं होतं. भाऊजी तडक व्हरांड्यात गेले. दोन तासांत चौदा झाकणं उघडून मिटली. जाताना बाईंनी जुन्या पट्ट्यांचं पुठ्ठ्याचं खोकं भाऊजींच्या टेबलावर ठेवलं.

"मोजून घ्या, जुन्या सत्तावीस आहेत. नऊ नंबरचं काय केलंय ते आत लिहिलंय."

भाऊजींनी खोकं उचललं, कानाशी धरलं, हलवलं आणि म्हणाले, "सत्तावीस. बरोबर."

बाई दोन क्षण त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. आणि "आत" म्हणजे कशाच्या आत, ते कुणी विचारलंच नाही.

सोमवारी भाऊजी नाडी बघायला बसले. पहिल्या कॉम्प्युटरची आली सोळाशे. पुन्हा बघितली, सोळाशे. तेरा कॉम्प्युटर सोळाशे आणि नऊ नंबर तर बाराशेच, म्हणजे होता तिथेच. भाऊजींचे कान लाल झाले. ते चिडले की आधी कान लाल होतात, राग जिभेवर यायला पाच मिनिटं लागतात.

"बिलात बत्तीसशे आणि प्रत्यक्षात सोळाशे! निम्म्यानं फसवलं, वहिनी! सरकारी कचेरीला!"

"अहो पण नकाशे पटपट उघडतायत की आता."

"तो भास आहे तुमचा."

"मामांचे कप विसळायच्या आत उघडतायत."

"मामांनाही भास होतोय."

झालं. दोन पानी तक्रार लिहिली, आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे साहेबांनी ती पूर्ण वाचली, हीच पंचाईत. शुक्रवारी अकरा वाजता दुकानाचे मालक आणि त्या बाई, दोघांनाही हजर राहायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी बाई माझ्या दालनात आल्या. त्या दिवशी त्यांचं बोलणं भरभर नव्हतं.

"ताई, ते वैद्यबुवा तुमचे कोण?"

"दीर. का हो?"

"पट्ट्या खऱ्या आहेत. मी एकेक बघून बसवलीय. पण मालकांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलंय, आणि आता आणखी एक तक्रार आली तर येऊ नको म्हणालेत."

"आधीची कसली तक्रार होती?"

"काम फार लवकर संपवते म्हणून. गिऱ्हाईकाला वाटलं, काही केलंच नाही." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "घरी आई आणि मी, दोघीच. मी कायम झालेय असं आईला सांगून बसलेय, ताई."

माझा जीव तुटला हो. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या भाऊजींना धारेवर धरलं. बाईची नोकरी जाईल, तक्रार मागे घ्या, निदान एकदा कॅबिनेट उघडून डोळ्यांनी पट्टी तरी बघा! तर भाऊजी शांतपणे मला म्हणतात, "आकडा माणसाचं तोंड बघून बदलत नाही, वहिनी." मी म्हटलं, तुमच्या आकड्याला घाला चुलीत, आणि रागाने भांडी आपटत बसले. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. ह्यांचं बोलणं भावापेक्षाही कमी. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण विचारल्याशिवाय त्यांनी मला कधी एक गोष्ट सांगितलेली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला साहेबांचा निरोप आला, पुरावे घेऊन या, जुन्या पट्ट्यांचं खोकंसुद्धा. मामांनी खोकं उचललं आणि त्याचा तळच सुटला. सत्तावीस पट्ट्या खडखड करत जमिनीवर पसरल्या. भाऊजींनी डोळे गच्च मिटून घेतले, पण मग उचलणार कोण? मामांची कंबर धरलेली, आणि मी काही वाकणार नव्हते, मुद्दामच. शेवटी भाऊजी गुडघ्यांवर बसले. एक पट्टी उचलली, चष्मा वर केला, तिच्यावरचं लेबल वाचलं. दुसरी उचलली. तिसरी. मग तिथेच फतकल मारून बसले.

"वहिनी, यांच्यावर चोवीसशे लिहिलंय."

"बरं मग?"

"नऊ वर्षं मी बाराशे लिहितोय."

मला काही त्यातलं कळत नाही, पण मी काय म्हटलं ते माझ्या चांगलं लक्षात आहे. मी म्हटलं, "म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदारानेही बरोब्बर निम्म्यानंच फसवलं? दोघांनी ठरवून?"

भाऊजींचे कान पांढरे पडले. असे मी पहिल्यांदाच बघितले. आयुष्यात पहिल्यांदा ते धावत आपल्या टेबलाशी गेले, म्हणजे तुम्ही-आम्ही चालतो त्या वेगाने, आणि स्वतःचाच प्रोग्रॅम काढून वाचायला लागले. दहा मिनिटांनी मान वर केली.

"ठोका एकच असतो, पण एका ठोक्याला खेपा दोन होतात," ते पुटपुटले. "एक खेप ठोका चढताना, एक उतरताना. मी नुसते ठोके मोजत बसलो."

"म्हणजे सोळाशेचे?"

"बत्तीसशे. पाटीवर आहेत तेवढेच. वहिनी, माझ्या पोटात फार दुखतंय. मी घरी जातो."

"खबरदार!" मी नकाशाची लांब नळी दारात आडवी धरली. "पोट दुखू दे, डोकं दुखू दे, आधी आत चला."

साहेबांच्या खोलीत मालक येऊन बसले होते. गळ्यात टाय, कपाळावर घाम. बाई त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभ्या. भाऊजी तोंड उघडायच्या आतच मालकांनी सुरुवात केली.

"साहेब, आमचं दुकान वीस वर्षांचं आहे, आमच्याकडून असं होणारच नाही. पण ही बाई नवीन आहे. हिनेच पट्ट्या बदलल्या असणार. चांगल्या काढून घेतल्या आणि हलक्या बसवल्या. आजपासून हिला कामावरून कमी करतो, मग तर झालं?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. मी भाऊजींना मागून नळीने ढोसलं. ते उभे राहिले. मग घसा खाकरला. मग चष्मा पुसला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी पुन्हा ढोसलं.

"मी चुकलो," भाऊजी म्हणाले.

खोलीत कुणालाच ते खरं वाटेना. मामा तर साहेबांचा चहाचा कप हातात घेऊन दारातून आत आले, नीट ऐकायला.

"मामा, बरं झालं आलात," भाऊजी म्हणाले. "तो भरलेला कप साहेबांना द्या आणि येताना त्यांच्या टेबलावरचा रिकामा घेऊन या."

मामांनी कप दिला, रिकामा आणला. "परत," भाऊजी म्हणाले. मामांनी रिकामा नेला आणि साहेबांचा भरलेला कप उचलून आणला. साहेब म्हणाले, "अरे, मी प्यायलो कुठे अजून?" भाऊजींचं लक्ष नव्हतं.

"मामांच्या फेऱ्या झाल्या दोन. पण कप किती हलले? चार. जाताना एक, येताना एक. मी नऊ वर्षं नुसत्या फेऱ्या मोजल्या साहेब, आणि म्हणत राहिलो की कपही तेवढेच. पट्ट्या बत्तीसशेच्याच आहेत. बाईंनी अगदी बरोबर बसवल्यात. चूक फक्त माझी आहे, ती त्यांच्या नावावर जायला नको."

एवढं लांब मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. आणि खरं सांगते, आतून भरून आलं मला. पण मामा म्हणाले, "मी अजून एक फेरी मारू का?" आणि सगळं गेलं वाहून.

मालकांचा चेहरा खुलला. पण साहेबांच्या हातात तक्रार होती. "मग हा नऊ नंबर? बाकी सगळे सोळाशे, हा एकटा बाराशे. तुमच्याच हिशोबाने हा चोवीसशे झाला. हा का मागे?"

मालक ताडकन उठले. "बघा! म्हणजे एक पट्टी हिनं काढलीच! अठ्ठावीस पाठवल्या होत्या, कागदावर अठ्ठावीस आहेत!"

"सत्तावीस होत्या," बाई पहिल्यांदा बोलल्या. "नऊ नंबरच्या झाकणाला आतून चिठ्ठी लावलीय मी. झाकण उघडा आणि वाचा."

"तू हात लावायचा नाहीस," मालक म्हणाले. "आता जाऊन चिकटवशील!"

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "वैद्यबुवा, कॉम्प्युटर तुमच्या ताब्यात आहेत. तुम्ही उघडा."

अगं बाई! आम्ही सगळी वरात नऊ नंबरपाशी गेलो. भाऊजी त्या कॅबिनेटसमोर उभे, हात बाजूला लोंबतायत, आणि मला एकदम नऊ वर्षांचा मुलगा दिसला, जमिनीवर पसारा मांडून दाराकडे बघत बसलेला. बाईंनी अंबाड्यातून पेचकस काढला. केस खांद्यावर सुटले. त्यांनी तो भाऊजींच्या हातात दिला.

"डावीकडे फिरवा," त्या हळूच म्हणाल्या.

भाऊजींनी उजवीकडे फिरवला. "डावीकडे." पुन्हा उजवीकडे, अजून घट्ट. मामांनी तोंडावर उपरणं धरलं. "तुमची डावी," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या मनगटाला धरून वळवलं. स्क्रू निघाला. मग दुसरा. भाऊजींनी झाकण बाजूला घेतलं, ते इतक्या हलक्या हाताने, जणू आत कुणीतरी झोपलंय.

झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी होती. भाऊजींनी मोठ्याने वाचली. "नवी पट्टी एक कमी आली, दुकानात कळवलं आहे. तोवर जुनी एक ठेवली आहे. दोन्ही मिळून जुनीच्याच वेगाने चालतील. नवी आली की बदलणे." खाली तारीख, सही, आणि त्याच्याही खाली दुकानाचा शिक्का. बाई त्या दिवशी कामाला निघतानाच दुकानात मालकांनी स्वतः मारलेला, कमी पट्टीची पोच म्हणून, न वाचता.

साहेब मालकांकडे बघत राहिले. मालकांनी टाय सैल केला.

"पुढचं काम तुम्हाला हवं असेल," साहेब म्हणाले, "तर या बाईच येतील. आणि त्या कायम झाल्याचं पत्र मला सोमवारपर्यंत दाखवा." मग भाऊजींकडे वळले. "आणि तुम्ही वैद्यबुवा, दोन पानी माफी लिहा. त्याच अक्षरात."

ती माफी अजून आमच्या फलकावर आहे. लोक अक्षर बघायला येतात.

गडबडीत पेचकस भाऊजींच्या खिशातच राहिला. तो न्यायला बाई रविवारी सकाळी आमच्या घरी आल्या. पेचकस दुकानात दहा मिळतात, ते काय मला कळत नाही? चहाचं आधण ठेवलं आणि माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढून सरळ दोघांच्या मध्ये ठेवला.

"हे काय?" बाईंनी विचारलं. भाऊजी उठायला लागले, तर मी खांद्यावर हात ठेवून दाबून बसवलं. मग त्यांनी सांगितलं. चौदा भाग, सासरे, न्हाव्याचं दुकान, सगळं. बाईंनी मध्ये एकदाही घाई केली नाही, आणि ती बाई घाई करत नाही म्हणजे बघा. ऐकून झाल्यावर त्यांनी दोरी सोडली. वीस मिनिटांत चौदाही भाग जागच्या जागी. एक स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही. मी नवे सेल आणून दिले. भाऊजींनी स्वतः बटण फिरवलं.

खरखरसुद्धा नाही.

"मारलाच होता मी तो," भाऊजी म्हणाले. चेहरा बघवेना.

"तो आधीच बंद होता," आमचे हे पेपरच्या मागून म्हणाले.

"काय?"

ह्यांनी पेपर खाली घेतला. "तू मावशीकडे होतास तेव्हा बाबांनीच बिघडवला. आवाज खरखरतो म्हणून उघडला, कसली तरी तार तोडली आणि परत मिटवून ठेवला. मी तिथेच होतो. मला म्हणाले, आईला बोलू नकोस. आठ दिवसांनी तू येऊन उघडून बसलास."

बाईंनी रेडिओची पाठ पुन्हा काढली आणि बोट दाखवलं. आत कोपऱ्यात एक तुटलेली तार होती, आणि तिची दोन टोकं निळ्या दोऱ्याने गाठ मारून बांधलेली. शिवणाचा दोरा. माझ्या सासूबाईंच्या डब्यातला असणार.

"मघाशी दिसली ही गाठ," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, हा तुमचा उद्योग."

"माझा नाही," भाऊजी म्हणाले. त्यांनी त्या गाठीला हात लावला. "बाबा म्हणजे रागावून गप्प नव्हते?"

"रागावतात कसले! लाजत होते," हे म्हणाले.

आता मात्र माझा तोल गेला. "बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं हा माणूस साखरेचा डबा उघडत नाही, आणि तुम्ही पेपर वाचताय? एका शब्दाने सांगता आलं नाही?"

ह्यांना खरंच नवल वाटलं. "पण त्याने विचारलं कुठे?"

भाऊजी हसायला लागले. सावकाशच, आधी खांदे, मग पोट, मग आवाज. हसता हसता रडायला लागले. बाईंनी रुमाल दिला, मीही पदर डोळ्यांना लावला, आणि हे आपले आळीपाळीने सगळ्यांकडे बघतायत, की आता यांना काय झालं.

"तार जोडायला सोल्डरचा डाग द्यावा लागेल," बाई शेवटी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सामान घेऊन येते."

आतमध्ये, सेल आणताना मी पुन्हा ठेवलेलं आधण उकळून सांडायला आलं होतं. मी उठणार, तर भाऊजी म्हणाले, "बसा वहिनी," आणि स्वतः आत गेले. मी कान देऊन बसले. डबा हलवल्याचा आवाज आला नाही. झाकण उघडल्याचा आला. मग भाऊजी चमचा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले आणि सरळ त्या बाईंकडे बघून त्यांनी विचारलं,

"तुम्हाला साखर किती?"

"दोन चमचे," बाई म्हणाल्या.